गेम बंद करणार असाल तर विकतानाच तारीख सांगा

खेळगडी

१२ जानेवारी २०२६ ला ईए या गेम कंपनीने 'अँथम'चे सर्व्हर कायमचे बंद केले. २०१९ च्या फेब्रुवारीत आलेला गेम. आल्या आल्या सगळ्यांनी झोडपलेला, पुढे कंपनीनेही वाऱ्यावर सोडलेला. तरी त्यातलं उडणं! चिलखती सूट घालून सुसाट निघायचं, सूट तापला की धबधब्यातून सूर मारून तो थंड करायचा आणि पुन्हा वर. तसं उडणं दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मला तरी मिळालेलं नाही. आता ते कुणालाच मिळणार नाही. डिस्क घेतलेली असो, डिजिटल असो, पूर्ण किंमत मोजलेली असो. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचाच.

यावर जिकडेतिकडे एकच प्रतिक्रिया, 'गेला तर गेला, भंगार होता'. मला वाद घालायचाय तो इथेच. गेम भंगार होता की भारी, हा मुद्दाच नाही.

हे सगळं पेटलं ते 'द क्रू'वरून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युबिसॉफ्टचा २०१४ चा रेसिंग गेम. अख्खी अमेरिका आटवून एका नकाशात बसवलेली, न्यूयॉर्कहून गाडी काढायची आणि पलीकडचा समुद्र दिसेपर्यंत पश्चिमेला हाणायची. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबवली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. इथपर्यंत एक वेळ ठीक म्हणू. पण त्यानंतर लोकांच्या लायब्ररीतून गेमचं लायसन्सच काढून घेतलं. म्हणजे उद्या कुणी हौशी प्रोग्रॅमर आपल्या हिमतीवर तो चालवू म्हणाला तर लोकांना डाउनलोड करायचीही सोय ठेवली नाही. कॅलिफोर्नियात दोघे जण कोर्टात गेले, तर कंपनीचं म्हणणं, तुम्ही गेम नाही, मर्यादित परवाना घेतला होता. मी स्वतः हा गेम कधी घेतला नव्हता, त्यामुळे माझं वैयक्तिक दुखणं काही नाही. पण आज त्यांचा गेला, उद्या माझ्या लायब्ररीतला जाणार, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

मग रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम काढली. युरोपियन युनियनमध्ये दहा लाख नागरिकांनी सह्या केल्या तर युरोपियन कमिशनपुढे कायद्याची मागणी ठेवता येते. ३१ जुलै २०२५ ला मुदत संपली तेव्हा १४ लाखांच्या वर सह्या जमल्या होत्या, पडताळणीत त्यातल्या जवळपास १३ लाख टिकल्या. एवढ्या सह्या झाल्या की कमिशनला उत्तर देणं भाग असतं. (कायदा करणं भाग नाही, हेही लक्षात ठेवा. उगाच फटाके आणू नका.)

मोहिमेची मागणी न वाचताच लोक बोलतात. सर्व्हर तहहयात चालवा असं कुणीही म्हणत नाहीये. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. माझी मागणी त्याहून साधी आहे. तेही झेपत नसेल तर विकतानाच छापा की अमुक तारखेपर्यंत हा गेम नक्की चालेल, पुढचं सांगता येत नाही. अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पाच हजारांच्या गेमवर का नको? तारीख वाचून ज्याला घ्यायचाय तो घेईल, नाही तो सेलची वाट बघेल.

जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विभागाचे फिलिप ट्रेम्बले एका मुलाखतीत बोलून गेले की सीडी-डीव्हीडी स्वतःच्या नसण्याची लोकांना सवय झाली, तशी गेमच्या बाबतीतही व्हायला हवी. त्यावरून त्यांना लोकांनी धू धू धुतलं. मला तर ते बरे वाटले. बाकीचे हेच मनात ठेवतात आणि दुकानात 'खरेदी करा' असं हिरवं बटण लावतात.

तुमचं काय मत? पिळून काढा, पण मुद्द्यावर बोला.

लॅनवाला

+१. आमच्या सांगलीत कॅफेत तासाला पैसे देऊन 'काउंटर-स्ट्राइक १.६' खेळणाऱ्या पिढीतला मी. परवाच्या दिवाळीत सगळे भाऊ जमले, दोन जुने लॅपटॉप, एक मावसभावाचा ऑफिसचा (त्याच्या आयटी विभागाला कळवू नये), एक नेटवर्कचा स्विच आणि केबलचं भेंडोळं. एकाने 'न्यू गेम' दाबलं, बाकीच्यांनी त्याचा आयपी टाकला, दहा मिनिटांत 'डस्ट टू'च्या नकाशावर मारामारी सुरू. इंटरनेट त्या वेळी गेलेलं होतं, कारण आमच्या गल्लीत लाइट गेली की राउटर गचकतो आणि परत यायला स्वतःचा वेळ घेतो. इन्व्हर्टरवर चार तास खेळलो.

सर्व्हरची फाइल गेमसोबतच यायची. कंपनी जगली काय, मेली काय, आम्हाला फरक पडत नाही. हे पंचवीस वर्षांपूर्वी जमत होतं, तर आज का जमत नाही, हे कुणी जाणकाराने सांगावं.

रात्रपाळी

जाणकार नाही, पण पुण्यात गेमच्या बॅकएंडवर (म्हणजे पडद्यामागच्या, सर्व्हरच्या बाजूला) काम करतो म्हणून लिहितो. कंपनीचं नाव विचारू नका.

लॅनवाला, तुमच्या १.६ मध्ये सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम होता. कोण कुठे उभा, कुणाची गोळी कुणाला लागली, झालं. आजच्या लाइव्ह गेममध्ये 'सर्व्हर' नावाची एक वस्तूच नसते. लॉगिन एक सेवा, मॅच जुळवणं दुसरी, तुमच्या स्किन (पात्रांचे पोशाख, सजावट) आणि बंदुका ठेवणारा डेटाबेस तिसरा, पैशांचा व्यवहार चौथा, चीट पकडणारं पाचवं, मित्रांची यादी सहावी. यातल्या निम्म्या गोष्टी दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेल्या असतात आणि त्यांचा करार असा असतो की तो कोड तुम्ही बाहेर वाटू शकत नाही. रेसिंग गेममध्ये वर गाड्यांच्या कंपन्या आणि रेडिओवरची गाणी, त्यांचे परवाने संपले की विक्री थांबवावीच लागते.

म्हणून 'सर्व्हरची फाइल देऊन टाका' हे ऐकायला सोपं आहे. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या गेममधून एकट्याने खेळायचा भाग सोडवून काढणं म्हणजे काही महिन्यांचं काम. आणि ते करणार कोण? सर्व्हर बंद करायचा निर्णय होतो तेव्हा ती टीम बहुतेक वेळा आधीच घरी गेलेली असते. नारळ मिळालेल्या माणसाला 'जाताना तेवढा ऑफलाइन मोड करून जा' असं सांगणार का?

तरीही नवीन गेमच्या बाबतीत मी खेळगडींच्या बाजूचा आहे. पहिल्या दिवसापासून शेवट कसा करायचा हे ठरवून बांधलं तर खर्च फार वाढत नाही. शेवटच्या क्षणी करायला गेलं की भरमसाट वाढतो.

खेळगडी

रात्रपाळी, मस्त प्रतिसाद. गाड्यांच्या परवान्याचा मुद्दा मात्र लोक मुद्दाम गुंतवतात, म्हणून वेगळा काढतो. 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये दुकानातून काढला, कारण परवाने संपले. पण ज्यांनी घेतला होता ते आजही खेळतायत. विक्री बंद करणं वेगळं, घेतलेल्याच्या हातातून काढणं वेगळं. पहिल्याला कुणाचाच विरोध नाही.

आणि नारळ मिळालेल्या टीमबद्दल: 'रेडफॉल' आठवा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा अर्केन ऑस्टिन स्टुडिओच बंद केला. तरी त्याच महिन्याच्या अखेरीस शेवटचा अपडेट आला आणि त्यात ऑफलाइन मोड होता. गेम कसाही असो, त्या लोकांना मानलं पाहिजे. 'ग्रॅन टुरिझ्मो स्पोर्ट'चे ऑनलाइन सर्व्हर जानेवारी २०२४ अखेर गेले, एकट्याने खेळायचं चालू राहिलं. 'नॉकआउट सिटी' ही तर पूर्ण मल्टिप्लेअर, छोटी कंपनी, २०२३ मध्ये बंद करताना पीसीवाल्यांना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय देऊन गेली. आणि मोहिमेचा दणका बसल्यावर युबिसॉफ्टनेच 'द क्रू २'ला ऑफलाइन खेळायची सोय दिली, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. मग पहिल्याच्या वेळी कुठे घोडं अडलं होतं?

महिनाअखेर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मी उलटी बाजू मांडतो, शिव्या घाला.

मला मालकी नकोच आहे. हॉस्टेलवर राहतो, लॅपटॉपमध्ये जागा नाही, खिशात त्याहून नाही. महिन्याचे पैसे भरायचे, दोन-तीन गेम उडवायचे, पुढे जायचं. जो गेम एकदा संपवला तो मी पुन्हा उघडत नाही. तुमच्या 'लायब्ररी'त किती गेम इन्स्टॉलसुद्धा न करता पडलेत, खरं सांगा. सेलमध्ये घेतलेले ते गेम तुमचे असून तुम्हाला काय मिळालं?

डिस्कवाला_कोल्हापूर

महिनाअखेर, १ ऑक्टोबर २०२५ ला काय झालं ते सांगायचं राहिलं का? मायक्रोसॉफ्टचं सबस्क्रिप्शन, गेम पास अल्टिमेट, अमेरिकेत एका रात्रीत १९.९९ वरून २९.९९ डॉलर, आपल्याकडे महिन्याला १,३८९ रुपये. तुम्हाला मालकी नको होती, आता तुमच्याकडे मालकीही नाही आणि स्वस्ताईही नाही. आधी सवय लावायची, मग दर लावायचा.

आमचा हिशेब ऐका. आम्ही पाच मित्र. नवीन गेम आला की एक जण डिस्क घेतो, पाच हजारांच्या आसपास. तो दोन आठवड्यांत संपवतो, पुढच्याला देतो. पाचही जणांचा झाला की इस्त्री केल्यासारखी कडक पेटी घेऊन राजारामपुरीत विकतो किंवा दुसऱ्या डिस्कवर बदलून घेतो. माणशी हजारसुद्धा पडत नाहीत. दुकानदार डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, चरा दिसला की शंभर कमी. ही आमची 'सबस्क्रिप्शन'. म्हणून पीएस ५ घेताना मी विनाडिस्कवाला घेतला नाही. दहा हजार स्वस्त होता, पण तो घेतला की तुम्ही कायमचे एकाच दुकानाचे गिऱ्हाईक.

७ फेब्रुवारी २०२५ आठवतंय का? पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क, जवळजवळ एक पूर्ण दिवस बंद होतं, जगभर. आमच्या ग्रुपमध्ये डिजिटलवाले बोंबलत होते, आम्ही डिस्क घातली आणि खेळलो.

म्युनिकची_मीरा

कोल्हापूरकर, डिस्कच्या भरवशावर फार राहू नका. इथे जर्मनीत निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या निम्म्या गेमपेट्यांवर खाली पट्टी असते, 'गेम-की कार्ड'. आत कार्ड खरंखुरं आहे, गेम मात्र त्यावर नाही. कार्ड घालायचं, गेम निन्टेन्डोच्या सर्व्हरवरून उतरवायचा, आणि खेळताना दर वेळी कार्ड आतच हवं. म्हणजे डिस्कचा त्रासही आणि डिजिटलचा धोकाही. 'सायबरपंक'वाल्यांनी पूर्ण गेम ६४ जीबीच्या कार्डवर दिला, म्हणजे करता येतं. बाकीचे पैसे वाचवतात. कार्ड दुसऱ्याला विकता येतं, एवढंच एक बरं.

सह्यांबद्दलही लिहिते, कारण ते जवळून बघितलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला लिंक पाठवली, मी उत्साहाने उघडली, तर पहिलाच प्रश्न नागरिकत्वाचा. मी इथे कर भरते, गेम इथल्या दुकानातून घेते, पण पासपोर्ट भारतीय, त्यामुळे सही करता येत नाही. त्यानेच केली, आणि त्याच्या आईकडूनही करवून घेतली, तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही. २०२५ च्या जूनपर्यंत आकडा निम्म्यापाशी अडकला होता. मग स्कॉट यांनी 'मोहीम संपल्यात जमा' असा व्हिडिओ टाकला आणि त्या व्हिडिओनेच लोक जागे झाले. जुलैच्या सुरुवातीला दहा लाख पार. सात देशांत ठरावीक किमान सह्याही लागतात, त्याही झाल्या.

कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं रात्रपाळी यांच्यासारखंच, पण अधिक कांगावखोर. खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर बेकायदा मजकूर आवरणार कोण, डेटा सांभाळणार कोण, गेम महाग होतील वगैरे.

महिनाअखेर

डिस्कवाला, दर वाढला तेव्हा मी रद्द केलं की! तेच तर सांगतोय. डिस्कच्या दुकानाला मी बांधील नाही, सबस्क्रिप्शनलाही नाही. आता फुकट मिळतात ते खेळतो.

आणि पाच मित्र जमवायला आधी पाच मित्र लागतात.

पोचिंकीचा_पाटील

तुम्ही सगळे कंपन्यांना शिव्या घालताय. आमचा गेम तर सरकारने दोनदा बंद केलाय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल गेला. २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला, लोकांनी जुना डेटा हलवला, परत पैसे भरले. जुलै २०२२ मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गायब. मे २०२३ मध्ये परत. मधले दहा महिने ज्याच्या फोनमध्ये आधीपासून होता तो खेळतोय आणि ज्याने फोन बदलला तो बसलाय बोंबलत. माझ्या चुलतभावाने त्या भीतीने फुटक्या स्क्रीनचा फोन बदलला नाही. अंगठ्याला सेलोटेप लावून खेळायचा.

दूध, तारीख वगैरे सगळं ठीक आहे दादा, पण सरकारी आदेशाची तारीख कोण छापणार?

आणि आमच्यात तर गेम फुकटच असतो. पैसे जातात ते यूसीत (गेममधलं चलन) आणि स्किनमध्ये. फुकटच्या गेमवर कुठली तारीख मागायची?

खेळगडी

पाटील, हा प्रश्न बिनतोड आहे. फुकट गेममध्ये विकली जाते ती स्किन. तर स्किनच्या दुकानात लिहा की ही किमान अमुक काळ वापरता येईल. बंद करायच्या सहा महिने आधीपासून विक्री थांबवा. गेम बंद होणार हे आत ठरलेलं असताना बाहेर स्किनचा सेल लावणं याला माझ्या गावात दुसरा शब्द आहे.

सरकारी बंदीवर कंपनीला दोष देता येणार नाही, हे मान्य.

वकीलीण_नाशिक

गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. कायद्याचं तेवढं सांगते, कारण इथे सगळे अमेरिका-युरोपवरच बोलतायत.

सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्येच येऊन गेलाय, टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश. प्रकरण विक्रीकराचं होतं, पण निकाल असा की सीडीवर विकलेलं तयार सॉफ्टवेअर ही वस्तूच. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात आयकराच्या अंगाने पुन्हा तोच प्रश्न आला आणि तिथेही न्यायालयाने पाहिलं ते व्यवहार प्रत्यक्षात काय आहे याकडे. वर 'परवाना' असं नाव लिहिलं म्हणून रॉयल्टी ठरत नाही, ती प्रत विकणंच झालं. दोन्ही निकाल कराचे आहेत, ग्राहकाचे नाहीत, त्यामुळे ते नाचवत उद्या कुणी ग्राहक आयोगात जाऊ नये. पण कंपनीने 'आम्ही फक्त परवाना दिला' म्हटलं की विषय संपला, असंही नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही नवी व्याख्या आली. सबळ कारण नसताना एकतर्फी करार संपवायचा अधिकार एकाच बाजूला देणं हे त्यात येतं. आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबतो त्या करारात नेमकं हेच लिहिलेलं असतं. गंमत अशी की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. सेवेतील त्रुटी म्हणून मांडली तर जिल्हा आयोगात, आणि तीही तुम्ही राहता तिथल्या. कंपनी पॅरिसला का असेना.

दोन हजारांच्या गेमसाठी कोण करणार? कुणीच नाही. कंपन्यांचा हिशेबही तोच.

खजिनदार

सरळ सांगू? जुने गेम कंपन्यांनी नाही, पायरसीवाल्यांनी जपलेत. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली होती: २०१० पूर्वी तिकडे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृत विक्रीतच नाहीत. दुकानात नाही, सबस्क्रिप्शनवर नाही. मग खेळायचं कसं? कुणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे

संपादक_मंडळ

खजिनदार, प्रतिसादाचा शेवटचा भाग आणि लिंक उडवली आहे. मत मांडा, माल वाटू नका. बाकी चर्चा छान चालली आहे.

लॅनवाला

खजिनदारांचा आकडा खरा असेल, पण मग नवीन गेमचं काय? 'द क्रू'चा क्रॅक करून उपयोग नव्हता, कारण अर्धा गेम सर्व्हरवर होता. तो परत चालवायला चाहत्यांनी सर्व्हरच नव्याने लिहिला, सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर काढला. दीड वर्ष फुकट राबली ती पोरं. त्याला पायरसी म्हणत असाल तर म्हणा.

सिंहगडरोड

थोडं विषयांतर करतो, पण संबंध आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक जानेवारीत रद्द झाला. आम्हा पुणेकरांना तो जास्त लागला. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे होतं. एवढा मोठा गेम इथून, म्हणून ट्रेलर लावून बसलो होतो. मग जगाने त्या ग्राफिक्सची जी काही टर उडवली! राजपुत्राच्या चेहऱ्याचे स्क्रीनशॉट फिरत होते. तारीख जानेवारी २०२१, मग मार्च, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. २०२४ मध्ये एक मेणबत्ती दाखवून '२०२६' म्हणाले. आणि २०२६ च्या पहिल्याच महिन्यात, आणखी पाच गेमसोबत, रद्द.

तेव्हा लोक म्हणाले 'भारतात दिलं की असंच होणार'. मग मॉन्ट्रियलवाल्यांनी, ज्यांनी २००३ मध्ये मूळ गेम केला त्याच स्टुडिओने, चार वर्षांत काय दिवे लावले? हे कुणी विचारलं नाही.

संबंध असा की २००३ चा मूळ गेम माझ्याकडे आहे, आणि थोडी खटपट केली की आजच्या पीसीवर चालतो. लॉगिन नाही, लाँचर नाही. खंजीर काढायचा, वेळ मागे फिरवायचा.

रात्रपाळी

सिंहगडरोड, त्या ट्रेलरच्या वेळी इथल्या गेम कंपन्यांमधल्या लोकांनी काय ऐकून घेतलं ते लिहायला बसलो तर वेगळा धागा होईल. एवढंच म्हणतो की चेहऱ्यांची टर उडवणाऱ्यांना बजेट आणि मुदत किती होती हे कधी माहीत नव्हतं. मलाही नाही. पण दोन्ही भरपूर होती असं समजून चालणारे इथलेच लोक जास्त होते, बाहेरचे कमी.

धन्याची_आई

सगळं वाचलं, निम्मं कळलं. मुलगा बारा वर्षांचा. वाढदिवसाला एक गेम मागतोय, दुसरीकडे त्याच्या मित्रांच्या गेममध्ये 'पास' हवाय. मागच्या वर्षी एका ऑनलाइन दुकानात (नाव घेत नाही) ह्यांच्या जुन्या मोबाइल नंबरवर खातं उघडलं होतं. नंबर बंद झाला, ओटीपी येईना, खातं गेलं आणि आतले गेमही. मदत केंद्राला लिहिलं तर उत्तर आलं ते छापील. तेव्हा आता सरळ सांगा, काय घेऊन देऊ?

डिस्कवाला_कोल्हापूर

ताई, कन्सोल असेल तर डिस्क. डोळे झाकून.

महिनाअखेर

ताई, पास देऊ नका. तो दर दोन महिन्यांनी नवा लागतो.

खेळगडी

धन्याची आई, पीसी असेल तर एक सोपी चाचणी सांगतो, मी आता प्रत्येक गेमला करतो. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. गेम उतरवा, एकदा चालू करून बंद करा. मग स्टीम ऑफलाइनवर टाका, घरातलं वायफाय बंद करा आणि गेम पुन्हा उघडा. नवा खेळ सुरू होतो का, जतन होतो का, बंद करून पुन्हा उघडल्यावर तिथूनच सुरू होतो का, एवढं बघा. चालला तर ठेवा. 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असं आलं आणि गेम एकट्याने खेळायचा असेल, तर त्याच दिवशी परत करा. परत करण्याचं कारण विचारतात, तिथे हेच लिहा. हजार लोकांनी लिहिलं तर कुणीतरी वाचेल.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर इन्स्टॉलरची फाइलच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते. मग ह्यांचा नंबर बंद होवो नाहीतर दुकान.

वकीलीण_नाशिक

आणि खातं ई-मेलवर उघडा, स्वतःच्या. बिलाचा मेल जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर पहिला कागद तोच मागतात.

रात्रपाळी

खेळगडी, चाचणी चांगली आहे, पण एक भर. काही गेम ऑफलाइन आठवडाभर चालतात आणि मग एकदा ऑनलाइन येऊन तपासणी मागतात. दोन तासांत ते कळणार नाही. घेण्याआधी दुकानातल्या पानावर उजवीकडे बारीक अक्षरात 'थर्ड पार्टी डीआरएम' (बाहेरच्या कंपनीचं नक्कल रोखणारं कुलूप) किंवा 'वेगळं खातं लागेल' असं आहे का ते बघा. असेल तर तुमची तारीख तिथेच छापलेली आहे असं समजा.

पोचिंकीचा_पाटील

बीजीएमआयचं वायफाय बंद करून बघितलं. गेम चालला नाही. आता पैसे परत द्या :)

धन्याची_आई

सांगितलं तसं केलं. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम घेतला. वायफाय बंद केल्यावर सासूबाईंची मालिका थांबली, ह्यांची मीटिंग तुटली, गेम चालू. धन्याने पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं काहीतरी) लावलेत. आता विचारतोय की चौदा दिवसांत परत करायचाच असेल तर आधी सगळा खेळून घेऊ का.

खेळगडी

त्याला म्हणावं दोन तासांचं पण बंधन आहे.